चढासाठी हलका गिअर: मागची ११-२८ कॅसेट काढून ११-३४ बसवावी का?

कासवाट (सातारा)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उलट विचारायला लागू नये.

वय ४७, बँकेत नोकरी. तीन वर्षांपूर्वी मुलाची पडून असलेली हायब्रिड सायकल काढली आणि सकाळी फिरायला लागले. गेल्या दिवाळीत स्वतःची रोड बाइक घेतली. मधल्या वारी तास-दीड तास सपाटीवर, आणि रविवारी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला. खरं सांगायचं तर या एका रस्त्यासाठीच सायकल घेतली. पावसाळा सरताना त्या पठारावर पोचायचं, तेही स्वतःच्या पायांनी, एवढीच इच्छा होती.

पोचते. पण घाटातल्या खड्या वळणांवर गिअर संपतात. उजवा मोठा लिव्हर आत ढकलते आणि तो नुसता हलतो, मागे काहीच बदलत नाही. आहे हा शेवटचा, हे पक्कं माहीत असतं, तरी बोट जातंच. मग एकेक पायडल म्हणजे विहिरीतून भरलेली घागर ओढल्यासारखं. परवा त्या टप्प्यात घड्याळ लावून उजवा गुडघा मिनिटाला किती वेळा वर येतो ते मोजलं. ४९ वेळा. वेग ताशी साडेसात किलोमीटर.

सोमवारी सकाळी बँकेचा जिना चढताना उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे झाला. हाडात काही नाही म्हणाले. सायकल बंद करू नका, पण चढावर एवढा जोर लावणं थांबवा, असं सांगितलं. सायकल घेतली त्या दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, या सायकलला एवढाच गिअर येतो. घाटच चढायचा तर ई-बाइक घ्या." फार वाईट वाटलं. मला मोटर नकोय. मला अजून एक गिअर हवाय.

सायकलची माहिती: गिअरचा संच शिमानो १०५, आर७०००, ११ स्पीड. पुढे ५०/३४, म्हणजे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या. मागे ११-२८, म्हणजे ११ ते २८ दात्यांच्या अकरा चकत्यांचा संच (कॅसेट). टायर २५ मिमी. सायकल साडेनऊ किलो, माझं वजन ६२, पाण्याच्या बाटल्या आणि पंक्चरचं सामान धरून आणखी दोन-अडीच किलो.

या सायकलवर मागे मोठी कॅसेट बसते का? बसत असेल तर किती मोठी? आणि सपाटीवर त्याचा काय तोटा होईल? मधल्या वारी माझं बरंचसं चालवणं हायवेच्या सर्व्हिस रोडवर असतं.

---

घाटमाथा (पुणे)

ताई, सर्वप्रथम अभिनंदन. त्या वयात सुरुवात करून कासला सायकलवर जाणं सोपं नाही.

पण माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून सांगतो. मी २६ वर्षांचा आहे, सिंहगड ५२/३६ आणि ११-२८ वर चढतो. पहिल्या वर्षी मलाही चार ठिकाणी पाय टेकावा लागायचा. मी गिअर बदलला नाही, पाय बदलले. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, एक दिवस छोट्या चढावर जड गिअरमध्ये रिपीट. सहा महिन्यांत फरक पडला. हलका गिअर हाताशी असला की आपण तो वापरतोच, आणि पाय तिथेच राहतात. आधी एक सीझन ताकदीवर काम करा, पैसे वाचतील. चढावर अधूनमधून उभं राहून चालवायचीही सवय करा.

---

निवृत्त टर्नर (पिंपरी)

ताई, नमस्कार. मी ३४ वर्षं लेथवर काम केलं. आता वय ६३, सायकल गेली नऊ वर्षं. गिअर हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय होता, म्हणून जरा सावकाश लिहितो.

जुन्या लेथला बॅक गिअर असतो. मोठ्या व्यासाचा जॉब चकात धरला आणि खोल कट घ्यायचा असला की आम्ही बॅक गिअर टाकायचो. स्पिंडल सावकाश फिरतो पण जोर भरपूर मिळतो. तो न टाकता कट घेतला तर बेल्ट घसरतो, मशीन हुंदके देतं, टूलची धार जाते. अशा वेळी मोटरला कुणी "ताकद वाढव" म्हणत नाही. मोटर तीच असते, फक्त तिला तिच्या चालीने फिरू द्यायचं असतं. तुमचा गुडघा म्हणजे तो बेल्ट समजा.

आता तुमचाच हिशेब मांडतो. माझ्याकडेही २५ चा टायर आहे. व्हॉल्व्हपाशी टायरवर खडूची खूण केली, सायकलवर बसून पार्किंगच्या फरशीवर चाकाची एक पूर्ण फेरी घेतली आणि टेप लावली. दोन मीटर अकरा सेंटिमीटर. पुढे ३४ दाते, मागे २८. चौतीसला अठ्ठावीसने भागलं की १.२१. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की चाक सव्वाच्या थोडं आत फिरतं आणि सायकल २ मीटर ५६ सेंटिमीटर पुढे जाते. ताशी साडेसात म्हणजे मिनिटाला १२५ मीटर. १२५ भागिले २.५६ केलं की ४८.८ येतात. तुम्ही ४९ मोजलेत. ताई, तुमचं मोजमाप चोख आहे, ते वाचून मला फार बरं वाटलं.

मागे ३४ लावा. पुढे ३४, मागे ३४, भागाकार एक. पायडलची एक फेरी, चाकाची एक फेरी, २ मीटर ११. त्याच वेगाला मिनिटाला ५९ फेऱ्या. आणि प्रत्येक फेरीत पायाला लागणारा जोर जवळपास १८ टक्क्यांनी उतरतो. आज जिथे पन्नास किलोचा रेटा द्यायला लागतो तिथे एक्केचाळीस. घाट तोच, वजन तेच, वर पोचायला लागणारं एकूण कामही तेच. सगळं मिळून पंचाहत्तर किलोच्या आत वजन, ८ टक्क्यांचा चढ, ताशी साडेसात वेग धरला तर साधारण १३० वॉट लागतात. गिअर कुठलाही असो, तेवढे लागणारच. ते काम थोड्या, जड फेऱ्यांत करायचं की जास्त, हलक्या फेऱ्यांत, एवढंच आपल्या हातात आहे. जड फेऱ्यांचा भार सांध्यावर आणि स्नायूंवर येतो. हलक्या फेऱ्या केल्या की श्वास वाढतो. श्वास वर पोचल्यावर पाच मिनिटांत जागेवर येतो. गुडघा मात्र सोमवारी जिन्यावरही दुखतो, हे तुम्हीच लिहिलंय.

आता सपाटीचं. लोक इथेच घाबरतात, म्हणून मी दोन्ही कॅसेटचे दाते शेजारी शेजारी लिहून पाहिले. तुम्हीही कागद घ्या.

तुमची ११-२८: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८.
११-३४: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४.

१५ पासून २५ पर्यंत दोन्हींत एकही दाता इकडचा तिकडे नाही! गेले ते १२ आणि १४. आले ते २८ च्या जागी २७, ३० आणि ३४. सर्व्हिस रोडवर तुम्ही ताशी पंचवीस ते तीसने जात असाल, तर तुमची चेन १५ ते १९ मध्ये फिरते. तिथे काहीच बदलणार नाही. १२ आणि १४ ची आठवण कधी येईल? वारं पाठीशी असताना किंवा मोठ्या घोळक्यात पस्तीस-चाळीसने जाताना. वरचा ११ तसाच राहतो, म्हणजे उताराचा वेगही तोच.

घाटमाथा, तुझ्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण सव्वीसच्या गुडघ्याचा सल्ला सत्तेचाळीसच्या गुडघ्याला देऊ नकोस बाळा. आणि त्यांना डॉक्टरांनी नेमकं जोर लावायचं थांबवा सांगितलंय, हे पुन्हा एकदा वाच.

मी स्वतः साठीला ११-३४ लावली. त्याआधी सिंहगडाच्या शेवटच्या टप्प्यात नेहमी उतरून सायकल ढकलायचो. वर झुणका-भाकरी खाताना मन लागायचं नाही. आता पार्किंगपर्यंत बसूनच जातो. सायकलला बसते का, किती बसते, हा मेकॅनिकचा प्रांत. इथे पन्हाळा रोड म्हणून एक सदस्य आहेत, ते सांगतील.

---

पन्हाळा रोड (कोल्हापूर)

काकांनी आवाज दिला म्हणून आलो. माझं सायकल दुरुस्तीचंच काम आहे. वाघबीळापासून वर पन्हाळ्याला जाणारी निम्मी गिऱ्हाइकं हाच प्रश्न घेऊन येतात बघा.

ताई, "एवढाच गिअर येतो" हे चुकीचं सांगितलं तुम्हाला. आर७००० चं मागचं डीरेलर, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, दोन प्रकारांत येतं, एसएस आणि जीएस. एसएसचा पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) आखूड, जीएसचा लांब. तुमच्याकडं कंपनीतून ११-२८ आलीय म्हणजे बहुतेक एसएस असणार. डीरेलरच्या मागच्या बाजूला, चाकाकडं, टॉर्च मारून बघा, तिथं लिहिलेलं असतं.

एसएसला मागची सगळ्यात मोठी चकती (आम्ही तिलाच मोठा दाता म्हणतो) ३० दात्यांपर्यंत चालते, जीएसला ३४ पर्यंत. हे झालं एक. दुसरं म्हणजे डीरेलर किती ढिली चेन ओढून धरू शकतं त्याची मर्यादा. त्याचा हिशेब सोपा आहे: पुढच्या दोन चकत्यांतला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहान दात्यांतला फरक. तुमचं आत्ताचं ५० वजा ३४ म्हणजे १६, २८ वजा ११ म्हणजे १७, एकूण ३३. एसएस ३५ पर्यंत झेपवतं, म्हणून आज सगळं ठीक चालतंय. ११-३० लावली तर बरोबर ३५, तीही बसेल, फक्त कॅसेट आणि चेन बदलून काम होईल. पण ११-३४ ला १६ आणि २३ मिळून ३९ होतात. जीएसची मर्यादा नेमकी ३९ आहे. म्हणजे ११-३४ हवी असेल तर डीरेलर जीएसच घ्यायचं.

काही जण एसएसवर ३२ रेटून बसवतात, स्क्रू पिळून डीरेलरचं वरचं छोटं चाक (पुली) खाली करतात. चालतं, मी नाही म्हणणार नाही. पण पुढं लहान, मागं लहान अशी चेन टाकली की ती लोंबकळते. ३४ तर अजिबात करू नका. वरची पुली दात्यांवर घासते आणि आवाजानं डोकं उठतं.

आणि ताई, ११-३० वर समाधान मानू नका. २८ चे ३० केल्यावर तुमच्या ४९ फेऱ्यांच्या ५२ होतील. एवढ्यासाठी खर्च कशाला.

शिफ्टर (गिअरचे लिव्हर), ब्रेक, पुढचं डीरेलर, क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या), चाकं सगळं आहे ते राहतं. बदलायचं काय, तर मागचं डीरेलर, कॅसेट, चेन. बसवणाऱ्याला चार गोष्टी सांगा आणि समोर उभ्या राहून करून घ्या.

शिमानोची ११ स्पीडची ११-३४ ही कॅसेट १० स्पीडच्या रुंदीची केलेली आहे. तुमच्या मागच्या चाकाच्या ११ स्पीड रोड हबवर ती बसवताना आत १.८५ मिमीची चकती टाकावी लागते. ती कॅसेटबरोबरच येते, पण खोक्यातच राहून जाते. ती नसली तर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी रिंग) कितीही आवळा, कॅसेट हाताला हलते.

जुनी चेन ठेवू नका. ११-२८ ला मापून कापलेली चेन ३४ ला आखूड पडते. चुकून पुढं मोठा आणि मागं मोठा असा गिअर पडला तर चेन ताणून डीरेलरच उपटून काढते, हँगर (डीरेलर जिथं फ्रेमला अडकतं तो तुकडा) वाकतो, कधी फ्रेमलाही इजा होते. असं डीरेलर मी हातात घेऊन बघितलंय, काळीज हलतं. माप घेताना चेन डीरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या चकतीवरून आणि मागच्या मोठ्या दात्यावरून गुंडाळायची, जिथं टोकं जुळतात त्याच्यापुढं दोन कड्या जास्त ठेवायच्या.

तिसरं, हँगर सरळ आहे का ते गेज लावून बघायला सांगा. पिंजरा लांब झाला की हँगरचा जरासा वाकडेपणा पण जास्त जाणवतो. चौथं, सगळं झाल्यावर सायकल स्टँडवर ठेवून पन्नास-चौतीस दोन्हींवर अकराही दाते फिरवून बघा, आणि मग रस्त्यावर बसून बघा. स्टँडवर नीट चालणारा गिअर वजन पडल्यावर कटकट करू शकतो.

---

दोनशे किमी (नाशिक)

मी ब्रेव्हे करते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, म्हणून त्या बाजूने दोन शब्द.

दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, जेवणखाण, पंक्चर, सगळं धरून. म्हणजे सरासरी ताशी पंधराच्या आतच. तिथे कुणीही चढावर ताकदीने वेळ वाचवत नाही. वेळ जातो तो उतरून ढकलण्यात आणि गुडघा धरून बसण्यात. मुंबईच्या बाजूने परत येताना दीडशे किलोमीटर झाल्यावर कसारा घाट समोर येतो तेव्हा ज्यांच्या मागे ३४ असतो ते गप्पा मारत चढतात. दोन वर्षं मी २८ वर तो चढले आहे, म्हणून खात्रीने सांगते.

हलक्या गिअरला कमी लेखणं फार जुनं आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारे हेन्री देग्रांज स्वतः डीरेलरच्या विरोधात होते. त्या काळी खेळाडू घाटाच्या पायथ्याशी सायकलवरून उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला मोठा दाता असायचा. १९३७ साली टूरमध्ये डीरेलरला परवानगी मिळाली आणि ती कसरत संपली. म्हणजे चढाला मोठा दाता त्या लोकांनाही लागत होताच.

कासवाट, डीरेलर बदलायच्या आधी दोन गोष्टी तपासा. सीट खाली असेल तर गुडघा वर येताना जास्त दुमडतो आणि वाटीपाशीच दुखतं. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली नेलं की पाय जवळपास सरळ व्हायला हवा. आणि क्रँकच्या आतल्या बाजूला लांबी कोरलेली असते ती वाचा. उंची कमी असून १७२.५ मिमी असेल तर पुढेमागे १६५ चा विचार करा.

कुणी तुम्हाला पुढची लहान चकती ३४ वरून ३० करा म्हणेल. या क्रँकच्या बोल्टचं वर्तुळ ११० मिमीचं आहे, त्यावर साधारण ३४ च्या खाली जाता येत नाही. ४६/३० साठी अख्खी क्रँक बदलावी लागते. ग्रॅव्हलची, म्हणजे कच्च्या रस्त्यांच्या सायकलची क्रँक घेतली तर तिच्या चकत्या अडीच मिलिमीटर बाहेर असतात, मग पुढचं डीरेलरही त्याच जातीचं लागतं. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही.

---

घाटमाथा (पुणे)

काका, बरोबर आहे तुमचं. डॉक्टरांचं वाक्य मी वाचलं होतं, पण त्याचं वजन लक्षात आलं नाही. ताई, माफ करा.

तरी एक मुद्दा सोडत नाही. ३४ बसवल्यावर तो वापरायची सवय लागते, ती सपाटीवरच करा. ४९ वर फिरणाऱ्या पायांना ६५-७० वर फिरायला सांगितलं की सुरुवातीला धाप लागते आणि अंग सीटवर उडतं. आठवड्यातून एकदा सपाट रस्त्यावर मुद्दाम हलक्या गिअरमध्ये दहा मिनिटं ८५-९० च्या चालीने फिरवा. घाटाच्या पायथ्यापासूनच हलका गिअर घ्या, पाय भरून आल्यावर नको.

---

कासवाट (सातारा)

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनावर घेऊन लिहिलंत, डोळे भरून आले.

टॉर्च मारून पाहिलं. एसएसच आहे. क्रँक १७०, ती राहू देते. सीट मात्र खरंच खाली होती. टाचेची खूण करून बारा मिलिमीटर वर घेतली, एकदम नाही, तीन दिवसांत थोडी थोडी.

पन्हाळा रोड, एक शंका. माझी सायकल जेमतेम अडीच हजार किलोमीटर चाललीय. इथला मेकॅनिक म्हणतो चेन चांगली आहे, दोन कड्या जोडून देतो. चालेल?

---

पन्हाळा रोड (कोल्हापूर)

जोडता येतात, पण मी करणार नाही ताई. झिजलेल्या चेनमध्ये नव्या कड्या आणि पुढं कोरी कॅसेट, असं तिन्ही वेगवेगळ्या वयाचं होतं. नवी कॅसेट, नवी चेन, दोघी बरोबर झिजू देत. जुनी चेन धुऊन, तेल लावून डब्यात ठेवा, ट्रेनरला (घरातल्या घरात सायकल चालवायच्या स्टँडला) उपयोगी येते.

---

कासवाट (सातारा)

पाच रविवार झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं, म्हणून आज लिहिते.

डीरेलर, कॅसेट, चेन आणि मजुरी मिळून दहा हजारांच्या थोडं वर खर्च आला. बसवताना मी स्टुलावर बसून होते. चकती खरंच खोक्यात राहिली होती! मी आठवण केल्यावर मेकॅनिकने लॉकरिंग पुन्हा उघडलं. तोही म्हणाला, बरं झालं बोललात. चेनचं माप त्याने माझ्यासमोर गुंडाळून घेतलं. हँगर आत वाकलेला निघाला, जेमतेम दिसेल इतका, तोही सरळ झाला.

पहिल्या रविवारी घाटाच्या सुरुवातीपासून २५ वर होते. घाटमाथा म्हणाले तसं लवकर हलका गिअर घेतला. मग २७, मग ३०. खडं वळण आलं, सवयीने बोट लिव्हरवर गेलं, आत ढकललं. मागून "खट्" असा आवाज आला आणि पायाखालचं ओझं एकदम उतरलं. पहिल्यांदा तिथे काहीतरी बदललं होतं. मी नुसतीच फिरवत राहिले, मिनिटभर मोजायचंही सुचलं नाही. मागून बामणोलीची एसटी आली, ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता मागे थांबून वळण पार होऊ दिलं. हात वर करून आभार मानले. पूर्वी त्या वळणावर हँडलवरून हात सुटत नव्हता.

दुसऱ्या रविवारी मोजलं. ६१ फेऱ्या, वेग ताशी पावणेआठ. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरपर्यंतच्या वेळेत फरक दोनच मिनिटांचा आहे, आणि तो सीट वर घेतल्यामुळेही असेल. धाप मात्र नक्की जास्त लागते. काका म्हणाले तसंच, वर थांबलं की पाच मिनिटांत श्वास जागेवर येतो.

गुडघा: पहिल्या दोन सोमवारी जिन्यावर थोडं जाणवलं. तिसऱ्या सोमवारपासून नाही. डॉक्टरांकडे परत जाऊन आले, त्यांनी मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम दिलेत, ते रोज करते. घाटमाथा, म्हणजे तुमचे स्क्वॉटही चालू झालेत, खुर्चीवरून उठबस करण्याइतके.

सपाटीवर तोटा शोधून पाहिला. एकदाच सापडला. कराडच्या दिशेने जाताना पाठीवर वारा होता, १५ हलका वाटत होता आणि १३ जड. तिथे १४ असता तर बरं झालं असतं. बाकी सर्व्हिस रोडवर मला फरक कळत नाही.

गेल्या रविवारी यवतेश्वरला न थांबता पुढे कासपर्यंत गेले. पठारावर धुकं होतं, दहा फुटांपुढचं दिसत नव्हतं. कुंपणाशी सायकल टेकवून पोळी-चटणी खाल्ली. पाय थरथरत नव्हते.

आता एक विचारायचं आहे. जुनी ११-२८ कॅसेट आणि एसएस डीरेलर घरात पडून आहे, दोन्ही चांगल्या स्थितीत. साताऱ्यात किंवा आसपास कुणा शिकणाऱ्या मुलामुलीला आर७००० साठी हवं असेल तर निरोप द्या. पैसे नकोत. फक्त तो किंवा ती सपाटीवर चालवणारी असावी, घाटात नको.